तळं उघडलं, आता वही उघडा!

दरसाल २० मार्चला तुम्ही महाडला येता. वरळीच्या बीडीडीतून, चेंबूरहून, घाटकोपरहून, ठाण्या-कल्याणहून. रात्रभर एसटीत उभं राहून येता. पहाटे चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरता, ओंजळ भरता, क्रांतिस्तंभापुढं मान लववता, दोन पुस्तकं विकत घेता आणि संध्याकाळच्या गाडीनं चालते होता. बरोबर आहे. त्या पाण्यासाठी आपल्या आज्या-पणज्यांनी डोकी फोडून घेतलीत. यायलाच पाहिजे.

पण एक सांगा. तळं ज्या नगरपालिकेचं, तिच्या ऑफिसात तुमच्यापैकी किती जणांनी पाऊल टाकलंय?

तिथं एक वही आहे. पूर्वी लाल बस्त्यात असायची, आता कॉम्प्युटरातही असते. तिचं नाव आकारणी यादी. गावातल्या हरेक घराचा नंबर, मालकाचं नाव, राहणाऱ्याचं नाव, लांबी-रुंदी, भिंत कसली, छप्पर कसलं, वापर कसला, आणि शेवटच्या रकान्यात घरपट्टी. महाडात आहे, पोलादपुरात आहे, राज्यातल्या सगळ्या नगरपालिकांत आहे. कायदा म्हणतो, ही यादी लोकांपुढं मांडा, ज्याचं घर त्याला बघू द्या, उतरवून घेऊ द्या, हरकत घेऊ द्या. आणि आमची माणसं म्हणतात, "ती साहेबाकडं असते."

साहेब म्हणजे कोण? मंत्री नव्हे, कलेक्टर नव्हे. घरपट्टीवाला. हातात टेप, काखेत फाईल. सगळ्या वस्त्यांना ज्याचं तोंड पाठ आहे, असा सरकारचा एकच माणूस. या माणसाविषयी आपल्या कवितेत ओळ नाही, भाषणात शब्द नाही. आम्ही मनुला जाळतो, आणि टेपवाल्याला चहा पाजतो.

आज त्याच्याविषयीच बोलायचंय.

कागदावर खुलं, हातात बंद

जरा मागं चला. १९२३ साली सीताराम केशव बोल्यांनी मुंबई कौन्सिलात ठराव पास करून घेतला, की सरकारी पैशाचे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या म्युनिसिपालटीनं त्याबरहुकूम तळं खुलं केलं. कागदावर! तीन वर्षं त्या कागदातून घोटभर पाणी गळलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यात उतरले, तेव्हा कुठं तो ठराव ओला झाला.

मग म्युनिसिपालटीनं काय केलं? ऑगस्ट १९२७ मध्ये बहुमतानं स्वतःचाच ठराव रद्द केला. सुरेंद्रनाथ टिपणिसांसारखा माणूस तिथं आपल्या बाजूनं उभा होता, तरी झाला. एक माणूस चांगला असून भागत नाही, हे महाडनं तेव्हाच शिकवलंय.

त्या बहुमतात आपलं मत किती? जवळजवळ शून्य. त्या काळी म्युनिसिपालटीचं मत मालमत्तावाल्याला आणि कर भरणाऱ्याला. ज्याचं घर वहीत नाही, त्याचा हात वर नाही. १९१९ मध्ये साउथबरो कमिटीपुढं साक्ष देताना बाबासाहेबांनी हेच ठणकावलं होतं, की मालमत्तेची अट ठेवाल तर अस्पृश्य मताच्या बाहेरच राहील. पुढं संविधानानं मत घरपट्टीतून सोडवलं. पण घर कुणाचं, हा सवाल अजून वहीतच अडकलाय.

आणि डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सनातन्यांनी कोर्टात काय लिहून दिलं, ठाऊक आहे? तळं आमच्या मालकीचं! म्हणजे धर्म, विटाळ, शास्त्र हे सगळं तोंडानं; कोर्टात जाताना मात्र मालकी. ती मालकी कोर्टात टिकली नाही, वहिवाटही टिकली नाही. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं त्यांचं अपील फेटाळलं. सत्याग्रहापासून मोजा, तीन दिवस कमी दहा वर्षं.

यातून एक गोष्ट घ्या. जात मालमत्तेच्या कागदात राहते. तिला तिथंच गाठायचं असतं.

खोत गेला, अभावणी राहिली

आपल्या कुलाबा-रत्नागिरीत खोत असायचा. भात उभं असताना तो बांधावर यायचा आणि डोळ्यानं अंदाज करायचा, एवढे मण. याला अभावणी म्हणत. कुळानं हात जोडले, कोंबडा पोचवला, पोराला बिगारीला धाडलं, तर मण कमी. ताठ राहिला, तर मण वाढले. पीक तेवढंच, शेत तेवढंच. वाढायचा-घटायचा तो खोताचा डोळा. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी खोती मोडायचं बिल आणलं, जानेवारी १९३८ मध्ये कोकणच्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर धडकला, आणि १९४९ च्या कायद्यानं खोती गेली.

खोती गेली, पण डोळा राहिला. तो आता टेप घेऊन फिरतो.

घरपट्टी कशी बसते बघा. ही काही ब्रह्मविद्या नाही. घर भाड्यानं दिलं तर वर्षाला काय येईल, याचा आकडा काढायचा. त्यातून दुरुस्तीचे दहा टक्के वजा. राहिलं ते करयोग्य मूल्य. त्यावर नगरपालिकेचा टक्का, वर शिक्षण कर, वृक्ष कर वगैरे. चार वर्षांनी यादीची फेरतपासणी. एवढंच.

आता या हिशोबात माणसाचा हात कुठं कुठं घसरू शकतो, ते मोजा.

पहिलं, मोजमाप. पडवी धरायची की नाही, ओटा धरायचा की नाही, न्हाणी धरायची की नाही.

दुसरं, बांधकाम. पत्र्याचं, कौलाचं, की पक्क्या स्लॅबचं. एका शब्दानं दर बदलतो.

तिसरं, वापर. राहतं घर की धंदा. दारात बाई वाटाणे-फुटाणे घेऊन बसली, की लिहा 'व्यापारी'. आणि बाजारपेठेत तीन मजले दुकानं चालतात, तिथं लिहा 'बांधकाम चालू'.

चौथं, साल. केव्हा बांधलं? या रकान्यावर मागची थकबाकी ठरते, आणि घर अधिकृत की अनधिकृत हा वादही इथूनच पेटतो. अनधिकृत बांधकामाला कराच्या दुप्पट शास्तीची तरतूद कायद्यात आली. लहान राहत्या घरांना पुढं सवलती निघाल्या, पण वस्तीत येऊन ते सांगणार कोण? भीती विकणाऱ्याला सवलत सांगून कसं परवडेल?

पाचवं, सगळ्यात मोठं: नाव. मालक म्हणून लिहायचं, भोगवटादार म्हणून लिहायचं, की लिहायचंच नाही.

ह्या पाच फटी. प्रामाणिक माणूस असेल तर पाचही बुजलेल्या. आणि असेही आहेत, खोटं कशाला बोलू? पण हरामखोर असेल तर पाचही फटींतून पैसा गळतो. गरिबाचं घर वाढवून लिहायचं आणि कमी करायचे पैसे घ्यायचे. बड्याचं कमी लिहायचं आणि कमीच ठेवायचे पैसे घ्यायचे. दोन्हीकडून हात ओले. आणि नगरपालिकेची तिजोरी कोरडी, म्हणून वस्तीत गटार नाही, नळाला पाणी नाही, बत्ती नाही. वर साहेबच सुनावणार, "तुम्ही लोक पट्टी भरत नाही, सोयी कुठून देणार?"

आत्याचं घर

माझ्या आत्याचं सांगतो. गावाचं नाव लिहीत नाही. महाड नव्हे, पोलादपूर नव्हे. कोकणातलीच एक नगरपालिका.

बौद्धवाडीत आत्याचं दोन खणांचं घर. भिंत चिऱ्याची, वर पत्रा. पुढं पडवी. शाळा सुटायच्या वेळेला आत्या पडवीत टोपली मांडून आवळे, चिंचा, उकडलेल्या शेंगा विकते. नवरा गेला, त्याला बारा वर्षं झाली.

टेपवाला आला. उंबऱ्याच्या आत आला नाही. आत्या म्हणाली, "या साहेब, आत या, पाणी घ्या." तो म्हणाला, "नको, नको, आताच प्यालोय." टेपचं टोक शेजारच्या पोराच्या हातात देऊन त्याला आत पाठवला आणि आपण रस्त्यावरून आकडा वाचला. मध्ये शेजारणीचा ओटा आला, तोही ओढला. टोपलीकडं बघितलं, लिहून घेतलं. जाता जाता म्हणाला, "मावशी, जरा जास्तच येणार दिसतंय. उद्या ऑफिसात भेटा, बघू काय करता येतं." ऑफिसात आकडा सांगितला, पाच हजार.

आत्या शाळेत गेलेली नाही. पण तिनं विचारलं, "पाच हजारांची पावती मिळंल नव्हं?"

टेपवाला हसला. ऑफिसातले आणखी दोघे हसले. आत्या उठून आली.

पुढच्या बिलात घर दुपटीपेक्षा मोठं. वापर 'निवासी व व्यापारी'. आणि नाव? मालकाच्या रकान्यात बारा वर्षांपूर्वी मेलेला नवरा. आत्या फक्त भोगवटादार. स्वतःच्या घरात भाडोत्री!

आम्ही चार पोरं गेलो. यादीचा उतारा मागितला. पहिल्या दिवशी क्लार्क जेवायला गेलेला. दुसऱ्या दिवशी चावी नव्हती. तिसऱ्या दिवशी माहितीच्या अधिकारात लेखी अर्ज दिला, पोच घेतली, तेव्हा चावी सापडली. उतारा हातात आला तेव्हा कळलं, वाडीतल्या अकरा घरांचं माप एकाच छापाचं. अकरा घरं काय साच्यातून काढलीत? आम्ही लोहाराच्या दुकानातून टेप आणली, अकराही घरं मोजली, कागदावर काढली, हरकती घातल्या. सुनावणी दोनदा पुढं ढकलली. तिसऱ्यांदा झाली. माप दुरुस्त झालं. 'व्यापारी' गेलं. नाव अजून नवऱ्याचंच आहे. त्यासाठी वारस दाखला आणा म्हणतात. टेपवाल्यावर काही झालं नाही. दुसऱ्या वॉर्डात गेला. तिथंही टेप तीच.

ही विजयाची गोष्ट म्हणून सांगत नाही. तिथं काय शिकलो ते सांगतोय. आत्या एकटी गेली तेव्हा ते हसले. अकरा घरांचा कागद गेला तेव्हा हसू थांबलं.

घर मोजलं, माणसं नाही

कुणी म्हणेल, दोन-पाच हजारांच्या चिरीमिरीवर एवढा आरडाओरडा कशाला? मोठे प्रश्न पडलेत.

मग महाडच्या काजळपुऱ्यात चला. २४ ऑगस्ट २०२०, संध्याकाळ. 'तारीक गार्डन' नावाची पाच मजली इमारत पत्त्यासारखी खाली आली. सोळा माणसं मेली. चार वर्षांचं एक पोर १९ तासांनी ढिगाऱ्यातून जिवंत निघालं. इमारत शंभर वर्षांची नव्हती. उणीपुरी दहा वर्षंही तिनं पाहिली नव्हती. बिल्डर, आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार यांच्याबरोबर नगरपरिषदेचा एक कर्मचारी आणि तेव्हाचे मुख्याधिकारी यांच्यावरही गुन्हा दाखल झाला. दोषी कोण, ते कोर्ट ठरवील. मी तो निकाल देत नाही.

मी विचारतो ते एवढंच. चाळीसवर घरांची इमारत आकाशातून पडत नाही. पाया खणताना ती दिसते, स्लॅब पडताना दिसते. नकाशा, परवानगी, वापराचा दाखला, आणि मग आकारणी, अशी कागदांची उतरंड असते. प्रत्येक कागदावर कुणीतरी "जागेवर जाऊन पाहिले" असं लिहायचं असतं. आत्याची न्हाणी रस्त्यावरून मोजता येते. मग खांब कसे दिसत नाहीत? ज्या व्यवस्थेत जागेवर न जाता माप लिहिलं तरी चालतं, तिथं जागेवर न जाता दाखलाही लिहिला जाऊ शकतो. लहान खोटं मोठ्या खोट्याची शिकवणी आहे. पाच हजारांचा सवाल इथं सोळा मढ्यांपर्यंत जाऊन भिडतो.

काजळपुऱ्यात मेली ती बहुतेक मुसलमान माणसं. काहीजण म्हणाले, आपल्याला काय त्याचं? अरे, २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळायची होती, तेव्हा महाडात परिषदेला कुणी जागा देईना. जागा दिली ती फत्तेखान नावाच्या मुसलमानानं. त्याच्या जमिनीवर आपली होळी पेटली. त्याच्या गावात इमारत पडते तेव्हा आपल्याला काय त्याचं?

आणि नावाची किंमत बघायची असेल तर २२ जुलै २०२१ आठवा. तळीयेत दरड कोसळून ऐंशीवर माणसं गाडली गेली, पोलादपूर तालुक्यात दरडी आल्या, महाड सावित्रीच्या पाण्याखाली गेलं. पाणी ओसरल्यावर पंचनामे. पंचनाम्याचा पहिला सवाल: घर कुणाच्या नावावर? चिखलानं भरलेल्या घरात उभ्या असलेल्या बाईला हा सवाल करतात, आणि उत्तर तिच्या तोंडात नसतं, वहीत असतं. पोलादपुरात आता नगरपंचायत आहे. काल घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये होतं, आज दुसऱ्या यादीत. एका वहीतून दुसऱ्या वहीत जाताना कुणाचं नाव सांडलं, हे वाडीतल्या पोरानं नाही बघायचं तर कुणी बघायचं?

घरपट्टीच्या पावतीनं मालकी सिद्ध होत नाही, हे खरं आहे. कोर्टं तसंच सांगतात. पण रेशनकार्डाला, लाइट मीटरला, घरकुलाला, झोपडपट्टीच्या पुनर्वसनाला गरिबाकडं दाखवायला दुसरं काय असतं? सातबारा आपल्या बापाच्या नावानं कधी होता? आपल्याला पावतीच.

आपलेही दलाल

आता कडू बोलतो. ऐकून घ्या.

टेपवाला नेहमी बामण-मराठाच असतो असं नाही. आज तो आपल्यातलाही असतो. बाबासाहेबांच्या राखीव जागेवर लागलेला, घरात बुद्धाची मूर्ती, १४ एप्रिलला वर्गणी देणारा. तो वाडीत येतो तेव्हा "जयभीम मावशी" म्हणतो आणि तोच आकडा सांगतो. आणि १९९३ पासून संविधानाच्या दुरुस्तीनं राखीव वॉर्ड आलेत, त्यांतून निवडून गेलेले आपले काही नगरसेवक. निळा रुमाल गळ्यात, आणि वाडीचं सेटिंग खिशात. "अर्ज-बिर्ज कशाला, मी बोलतो साहेबाशी." बोलतो, आणि मधला वाटा घेतो. खोताला तरी गाव खोत म्हणत होतं. याला आपण कार्यकर्ता म्हणतो.

आणि आपण? आपणही देतो. "जाऊ दे, कटकट नको." लक्षात ठेवा, २०१८ ची दुरुस्ती झाल्यापासून लाच देणाराही गुन्हेगार आहे. बळजबरीनं द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार करायची, नाहीतर तुम्हीही आत. म्हणजे घेणाऱ्याच्या हातात आता आणखी एक दोरी: "तू दिलेस ना, मग बोलू नको." म्हणून द्यायच्या आधी बोला. लाचलुचपत खात्याचा नंबर १०६४. पैसे लागत नाहीत.

मग करायचं काय?

मोर्चा काढू, जाळू, फोडू, हे आपल्याला येतंच. त्याआधी हे करा.

एक: तुमच्या वस्तीच्या, गावच्या वाडीच्या यादीचा उतारा मागा. लेखी मागा, पोच घ्या. टाळाटाळ केली तर माहितीचा अधिकार आहे, २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे.

दोन: समाजमंदिरात माणसं गोळा करा आणि यादी मोठ्यानं वाचा. नाव, माप, वापर, पट्टी. ज्याला वाचता येत नाही त्यानंही ऐकलं पाहिजे. आपल्या वाडीबरोबर बाजारपेठेची आळीही वाचा. कुणाचे तीन मजले 'चालू बांधकाम' आहेत, ते गावाला कळू द्या.

तीन: स्वतः मोजा. टेप काही ऋग्वेद नाही, की ऐकली म्हणून कानात शिसं पडेल. दीडशे रुपयांना मिळते.

चार: हरकत एकट्यानं घालू नका. सगळ्यांच्या हरकती एका दिवशी घाला आणि सुनावणीला सगळे जा. म्हातारीला पुढं बसवा, बोलू तिलाच द्या.

पाच: बाईचं नाव चढवा. नवरा मेला असेल तर वारस दाखल्याच्या कामाला आजच लागा. जिवंत असेल तर त्याच्या शेजारी तिचं नाव लावायचा अर्ज द्या.

सहा: जी पट्टी खरी, ती भरा आणि पावती ट्रंकेत ठेवा. आम्ही फुकटे नाही. भरतो, म्हणून विचारतो.

मार्च महिना आला की नगरपालिकांच्या वसुलीला जोर चढतो. कुठं कुठं थकबाकीदाराच्या दारात ढोल वाजवतात. शे-दोनशे रुपये राहिलेल्या म्हातारीच्या दारात ढोल वाजणार असेल, तर लाखांची पट्टी दाबलेल्या बंगल्याच्या दारातही वाजलाच पाहिजे. आणि ज्यानं ती दाबून दिली त्याच्या टेबलासमोर आपण वाजवू. ढोल तर आपलाच आहे. पिढ्यान्‌पिढ्या गावासाठी वाजवलाय.

दोस्तांनो, १९२७ साली बाबासाहेब तळ्यावर गेले ते तहान लागली म्हणून नव्हे. माणूस म्हणून नाव लागावं यासाठी गेले. ते नाव आज त्याच नगरपालिकेच्या, तुमच्या-माझ्या गावच्या नगरपालिकेच्या वहीत कुणीतरी रस्त्यावर उभं राहून लिहितोय, किंवा गाळतोय.

येत्या २० मार्चला महाडला या. पाणी प्या. पण रात्रीच्या गाडीनं परत पळू नका. वाडीवर मुक्काम करा. सकाळी ऑफिस उघडलं की आत्याला, काकीला, आजीला बरोबर घ्या आणि नगरपालिकेच्या पायऱ्या चढा. टेबलापुढं उभं राहून एवढंच म्हणा:

"आमची यादी काढा. बघायची आहे."

जयभीम!